मेटा क्वेस्ट ३एस: एडीएचडीच्या पालक-प्रशिक्षणात किती कामाचा?

क्वेस्ट ३एस हा मेटा कंपनीचा, डोळ्यांवर बांधून आभासी दृश्यात (व्हीआर) नेणारा हेडसेट खेळांसाठी विकला जातो. इथे त्याची पारख वेगळ्या कामासाठी केली आहे: एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांच्या आईवडिलांना मुलाशी कसं वागायचं याचा सराव देण्यासाठी. हेडसेट घालायचा आईनं, बाबांनी, शक्य झालं तर आजीनंही. मूल त्या वेळी शाळेत असलेलंच बरं. हेडसेटच्या जोडीला ३६० अंशांत चित्रण करणारा एक कॅमेरा आणि समुपदेशकाचा लॅपटॉप, एवढा संच इथे गृहीत धरला आहे.

पालक-प्रशिक्षण हे एडीएचडीच्या उपचारातलं जुनं आणि पक्कं अंग आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात चौथ्या ते सहाव्या वाढदिवसाच्या दरम्यानच्या मुलांसाठी औषधाच्या आधी हेच सुचवलं आहे. पुढच्या वयात औषधाच्या जोडीला. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस संस्थेचं २०१८ चं मार्गदर्शनही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या गट-प्रशिक्षणापासूनच सुरुवात करतं. यातल्या कुठल्याही शिफारशीत हेडसेट नाही, पद्धत आहे. ती पद्धत सांगायला सोपी: एका वेळी एकच सूचना द्या, ती प्रश्नासारखी देऊ नका, पाच सेकंद गप्प राहा, ऐकलं तर लगेच नेमकं कौतुक करा, नाही ऐकलं तर एकदाच ताकीद द्या आणि मग ठरलेला परिणाम होऊ द्या. वर्गात बसलेल्या पालकांना हे दहा मिनिटांत पाठ होतं. घरी सकाळी सात वाजता, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना आणि एक पायमोजा सापडत नसताना, त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. कळणं आणि वेळेला जमणं यांच्यातल्या या फटीत व्हीआरचा उपयोग आहे. आमच्या मते फक्त या फटीतच आहे.

पाच सेकंद

सूचना दिल्यावर गप्प राहणं ही या पद्धतीतली सर्वांत अवघड पायरी. दुसऱ्या सेकंदाला "अरे, ऐकू येतंय ना?" तोंडातून निघतं, तिसऱ्याला "किती वेळा सांगायचं?", चौथ्याला आवाज चढतो. एडीएचडी असलेल्या मुलाला हातातलं सोडून सांगितलेल्या कामाकडे वळायला वेळ लागतो. त्या वेळात आणखी तीन वाक्यं अंगावर आली की पहिली सूचना वाहून जाते. मूल शिकतं ते एवढंच की, आई चौथ्यांदा ओरडेपर्यंत हलायची गरज नसते.

समुपदेशकानं मुलाचं सोंग घेऊनही हा सराव घेता येतो आणि बहुतेक ठिकाणी तसाच घेतला जातो. पण चाळिशीचा माणूस "मी नाही जा!" म्हणाला की पालकांना हसू येतं. राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय गप्प राहण्याचा सराव होत नाही. हेडसेटमध्ये दीड मीटरवर बसलेला आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांत बघत पेन्सिल टेबलावर आपटत राहतो, तेव्हा पालकांचे खांदे वर चढतात, जबडा आवळतो, हे बाहेरून स्पष्ट दिसतं. तिथे थांबवायचं, श्वास सोडायला सांगायचं आणि तोच प्रसंग पुन्हा लावायचा. खऱ्या मुलाबरोबर एकाच भांडणाची अशी उजळणी करता येत नाही, आणि करूही नये.

४५ मिनिटांचं सत्र असेल तर हेडसेट डोक्यावर एकूण १२ ते १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. पहिली दहा मिनिटं एका कौशल्याची ओळख, पाच मिनिटं हेडसेट नीट बसवायला, मग तीन-चार मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर हेडसेट उतरवून बोलायचं. शेवटची दहा मिनिटं घरी काय करायचं ते कागदावर लिहून द्यायला. फेऱ्या लांबवण्याचा मोह टाळावा. एडीएचडी घराण्यात उतरतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. म्हणजे समोर बसलेल्या आईला किंवा बाबांना स्वतःलाही तोच त्रास असू शकतो, मग तो कधी तपासला गेलेला असो वा नसो. अशा पालकांना लांब व्याख्यान झेपत नाही, छोट्या फेऱ्या झेपतात.

गुण देण्याचं काम यंत्रावर सोडू नका. क्वेस्ट ३एसमध्ये डोळ्यांचा माग घेण्याची सोय नाही, त्यामुळे पालकांची मान कुठे वळली एवढंच त्याला कळतं, नजर कुठे होती ते नाही. समुपदेशकानं कागदावर चार रकाने पाडावेत: सूचनेत शब्द किती होते, ती विधान होती की प्रश्न, दुसरं वाक्य निघेपर्यंत किती सेकंद गेले, आणि मुलानं ऐकल्यावर कौतुक किती सेकंदांत आलं. "शाब्बास" धरायचं नाही. "पहिल्यांदा सांगितल्यावर वही उघडलीस, आवडलं मला" हे धरायचं. शब्द मोजायला लागल्यावर पालकच चकित होतात. "बेटा, ते दप्तर जरा उचलून ठेवशील का म्हणजे मग आपल्याला जेवायला बसता येईल" हे तेरा शब्द. "दप्तर कपाटात ठेव" हे तीन.

प्रसंग कसे चित्रित करावेत

तयार मिळणारी दृश्यं बहुतेक परदेशी घरांतली आणि इंग्रजीतली. मुलाची स्वतंत्र खोली, एकट्या आईनं शांतपणे दार उघडून आत जाणं, असली मांडणी आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला लागू पडत नाही. शिवाय राग आपल्या भाषेतच येतो. त्यामुळे मराठी प्रसंग स्वतः चित्रित करणं हाच मार्ग, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

एका प्रसंगाला चित्रणाचे आठ तुकडे पुरतात. पालक काय बोलतात ते ऐकून समुपदेशक पुढचा तुकडा निवडतो. सुरुवातीचा एक; सूचनेनंतरचे तीन (मुलगा ऐकतो, "एक मिनिट" म्हणत टाळतो, सरळ नाही म्हणतो); ताकीद दिल्यानंतरचे दोन (ऐकतो, किंवा वही भिरकावतो); कौतुक ऐकून घेण्याचा एक. आठवा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक विसरतात: वाट बघण्याचा. मुलगा काहीच बोलत नाही, चुळबुळ करतो, मधूनच वर बघतो. हा तुकडा गोल फिरत राहील असा कापावा, म्हणजे पालक गप्प राहतील तोवर तो चालू राहतो. सगळ्या तुकड्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलाची बसण्याची ढब एकच हवी, उदाहरणार्थ दोन्ही कोपरं टेबलावर. नाहीतर जोडावर चित्र टुणकन उडी मारतं आणि पालक त्या क्षणी प्रसंगातून बाहेर पडतात. सगळे तुकडे आधीच मेमरीत भरून ठेवले नाहीत तर मध्ये काळा पडदा चमकतो, परिणाम तोच.

कॅमेऱ्याचं भिंग जमिनीपासून ११५ ते १२० सेंटिमीटरवर ठेवा, खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथे असतात. उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवलात तर बसलेल्या पालकाला आपण हवेत तरंगतोय असं वाटतं. मुलगा १.२ ते १.५ मीटरवर. एक मीटरच्या आत काहीही नको, कारण दोन भिंगांची चित्रं जिथे जुळतात त्या शिवणीवर जवळच्या वस्तू तुटतात. शिवण भिंतीकडे वळवा. आजीवर आली तर आजीचा हात एका जागी आणि बांगड्या दुसऱ्या जागी दिसतील.

आजी हवीच. पालकाच्या पाठीमागे, सोफ्यावर. ऐन ताकिदीच्या वेळी तिनं म्हणायचं: "राहू दे गं, लहान आहे अजून." साधी ध्वनिचित्रफीत हे दाखवू शकेल, पण पाठीमागून आवाज येणं, मान वळवावी की नाही हे ठरवणं आणि वळवली की मुलानं तेवढ्यात मोबाइल उचलणं, हे ३६० अंशांतच जमतं. संपूर्ण संचातलं हे आमचं सर्वांत आवडतं दृश्य. आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करून चढत्या क्रमानं वापरावेत: पहिल्या फेरीत शांत घर, दुसरीत टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या, तिसरीत आजी आणि खालचा हॉर्न. दुसरा उपयोगी प्रसंग दुकानातला. चार अनोळखी माणसं वळून बघताहेत आणि मुलगा जमिनीवर बसलाय, याचा सराव दुसरीकडे कुठे मिळणार? मात्र घरातल्या सूचना जमल्यावरच तो घ्यावा.

मुलाच्या भूमिकेसाठी एडीएचडी असलेलं मूल घेऊ नका, त्याचा खरा हट्ट तर मुळीच टिपू नका. बालनाट्यात काम करणारा अकरा-बारा वर्षांचा, लहानसर चणीचा मुलगा आठ वर्षांचा म्हणून सहज खपतो. त्याला आपण काय करतोय ते कळतं आणि नाही म्हणायची मुभाही राहते. आईवडिलांची लेखी संमती आणि त्याची स्वतःचीही.

चित्राच्या दर्जात काटकसर नको. क्वेस्ट ३एसमधून एका वेळी साधारण ९६ अंश रुंदीचं दिसतं. ४के चित्रणात ३६० अंशांना मिळून ३८४० ठिपके (पिक्सेल), म्हणजे समोर जेमतेम १०२४. मुलाचा चेहरा त्यात पुसट होतो, आणि रडू येतंय की खोडी सुचतेय हे ओळखणं हाच तर धडा. ५.७के मध्ये समोर १५३६ ठिपके येतात, ८के मध्ये २०४८. हेडसेटचा पडदा प्रत्येक डोळ्याला १८३२ ठिपके रुंद आहे. ५.७के चालेल, ८के उत्तम, ४के नको. चाळीस सेकंदांचा तुकडा सेकंदाला ८० मेगाबिट वेगानं साठवला तर ४०० एमबी होतो, आठ तुकड्यांचा प्रसंग सव्वातीन जीबीच्या आसपास. १२८ जीबीचं स्वस्त मॉडेल पुरेसं आहे.

यंत्र म्हणून

क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत २९९.९९ डॉलरला बाजारात आला. वजन ५१४ ग्रॅम, त्यातलं बरंचसं पुढे. सोबत येणारा कापडी पट्टा गालांवर ओढ देतो. मागे चक्री असलेला कडक पट्टा वेगळा घेतलेला बरा. डोळ्यांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचांत बसतं. पालकांना "दिसतंय का?" विचारलं की संकोचानं "हो" म्हणतात. त्याऐवजी एखादी ओळ वाचायला द्या आणि तिन्ही खाचा करून बघा. भिंगं जुन्या धाटणीची, फ्रेनेल म्हणजे गोल खाचा असलेली, त्यामुळे काळ्यावर पांढरी अक्षरं आली की प्रकाशाचे फराटे दिसतात. दृश्यं दिवसाउजेडीची ठेवा.

कामाची एक सोय: हेडसेटच्या खालच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की दृश्य जाऊन खरी खोली दिसते. कोणाला गरगरलं तर समुपदेशकानं हात घालून तेच दाबावं, पट्टा सोडवत बसू नये. डोक्यावर आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर मात्र यात नाही. चांगली बाजू ही की हातात घेऊन जुळवाजुळव करताना तो झोपी जात नाही. वाईट बाजू, टेबलावर ठेवला तरी लगेच झोपी जात नाही, बॅटरी खात राहतो. अडीच तासांची बॅटरी त्यामुळे तीन सत्रांवर जात नाही. हेडफोन लावायची ३.५ मिलिमीटरची खाच नाही आणि आतल्या स्पीकरचा आवाज बाहेर ऐकू येतो. शेजारच्या खोलीला त्रास होईल, पण समुपदेशकाला दृश्यातलं संभाषण आपोआप ऐकू येतं, त्यामुळे आमची तक्रार नाही.

तुकडे बदलायचे कसे? सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचं बटणांचं यंत्र, समुपदेशकाच्याच हातात ठेवणं. पालकांचे हात मोकळे राहतात. कंट्रोलर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना दिसला नाही तरी बटणं चालतात. म्हणून कंट्रोलरच्या आभासी किरणानं नेम धरून निवड न करता एकेका बटणाला एकेक तुकडा नेमून द्या. हातांचा आपोआप माग घेणारी सेटिंग बंद करा, नाहीतर पालकांनी हातवारे केले की नियंत्रण तिकडे जातं. मुलाच्या तोंडी कृत्रिम बुद्धिमत्ता घालण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण उत्तराला सेकंद-दोन सेकंद लागले तरी पाच सेकंदांच्या सरावाचा विचका होतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडानं टीचलाइव्ह हा आभासी वर्ग उभारला तेव्हाही पडद्यावरच्या विद्यार्थ्यांमागे जिवंत माणूसच बोलत होता.

बाकी किरकोळ, पण रोज नडणारं. आंबाडा असेल तर मागचा पट्टा बसत नाही, खाली वेणी घालायला सांगा. काजळ भिंगावर उतरतं, कुंकू फोमवर. फोमच्या जागी सिलिकॉनचं आवरण लावा आणि दर वापरानंतर अल्कोहोल नसलेल्या पुसणीनं पुसा. भिंगाला फक्त कोरडं मऊ कापड. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांना खालचा भाग धूसर दिसतो, मुलगा नजरेच्या सरळ रेषेत असेल असं बसवा. खुर्ची फिरणारी हवी, पण चाकं नसलेली. खिडकीत भिंगं वर करून कधीही ठेवू नका, ऊन भिंगातून एकवटतं आणि आतला पडदा जळतो. अपस्मार असलेल्यांना हेडसेट देऊ नये. अर्धशिशीचा त्रास असेल तर आधी विचारून, थोडाच वेळ.

जिथे तो अपुरा पडतो

सर्वांत मोठी उणीव ही: जवळ जाता येत नाही. सूचना द्यायची ती हाताच्या अंतरावर जाऊन, खाली वाकून, खांद्यावर हात ठेवून. ३६० अंशांच्या चित्रणात पालक पुढे झुकले की सगळं घर त्यांच्याबरोबर पुढे सरकतं, आणि पोटात ढवळतं. म्हणजे ही पायरी शिकवलीच जात नाही. उलट पालकांना बसल्या जागेवरून हाक मारायची सवय लागण्याचा धोका आहे, जी मोडायची म्हणून ते आले होते! संगणकावर उभ्या केलेल्या त्रिमितीय घरात पुढे जाता येतं, पण तिथल्या मुलाचा चेहरा निर्जीव असतो. दोन्हींत निवड करायची तर आम्ही चेहरा निवडू आणि जवळ जाण्याची पायरी हेडसेट काढून, खोलीतल्या खुर्चीवर घ्यायला लावू.

दुसरी उणीव वेळेची. हट्टाकडे लक्ष देणं थांबवलं की तो आधी वाढतो, मग उतरतो. दृश्यात हे सगळं दोन मिनिटांत आटोपतं. घरी पहिल्यांदा अर्धा तास चाललं की पालक म्हणतात, "व्हीआरमध्ये तर लगेच ऐकत होता." हे आधीच बजावून सांगावं, आणि एक तरी प्रसंग असा ठेवावा ज्यात मुलगा शेवटपर्यंत ऐकत नाही.

काही ठिकाणी पालकांना "तुमच्या मुलाला जग कसं दिसतं" असं दाखवणारी दृश्यं विकली जातात: उडते कागद, घुमणारे आवाज, हलणाऱ्या भिंती. यावर पैसे घालवू नयेत. एडीएचडीचा मोठा भाग काम सुरू न होण्याचा आणि उशिरा मिळणारं बक्षीस बिनमोलाचं वाटण्याचा आहे, तो असल्या दृश्यांत येतच नाही. अपंगत्वाची नक्कल करून बघण्याच्या उपक्रमांवर मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथेही लागू पडतं: अशा अनुभवातून अस्वस्थता आणि असहायता वाढते, समज वाढेलच असं नाही. याहून वेगळा प्रयोग बार्सिलोनातला. तिथे २०१८ च्या एका अभ्यासात वीस आयांना चार वर्षांच्या मुलाच्या शरीरात बसवून समोर प्रेमळ किंवा रागावणारी आभासी आई उभी केली होती. रागावणाऱ्या आईसमोर बसलेल्यांची सहानुभूती वाढलेली दिसली. अभ्यास छोटा आहे आणि त्या आयांची मुलं एडीएचडीची म्हणून निवडलेली नव्हती. तरी कॅमेरा १०० सेंटिमीटरवर ठेवून, वरून बोट रोखून ओरडणारं मोठं माणूस एकदा दाखवायला हरकत नाही. एकदाच, पहिल्या सत्रात.

खरी स्पर्धा मात्र एका जुन्या आणि स्वस्त पद्धतीशी आहे. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पीसीआयटी (पालक-मूल संवाद उपचार) या उपचारात पालक आपल्याच मुलाशी खेळतात, आणि काचेपलीकडून प्रशिक्षक कानातल्या यंत्रातून सूचना देतो. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठीची ही पद्धत. उत्तीर्ण होण्याची कसोटीही ठरलेली आहे: पाच मिनिटांत दहा नेमकी कौतुकं, दहा प्रतिध्वनी-वाक्यं म्हणजे मुलाचंच बोलणं परत म्हणणं, त्याच्या कृतीची दहा वर्णनं, प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनपेक्षा जास्त नाहीत. याला एक ब्लूटूथ इअरफोन आणि बंद दारापलीकडचा व्हिडिओ कॉल पुरतो. हेडसेट याची जागा घेऊ शकत नाही. सुरुवातीची दोन-तीन सत्रं व्हीआरमध्ये, पालकांचा आवाज स्थिरावला की लगेच खऱ्या मुलासोबत कानात इअरफोन, हा क्रम आम्हाला सर्वांत योग्य वाटतो.

घरासाठी विकत घेऊ नका. मेटाची किमान वयोमर्यादा दहा वर्षं आहे आणि घरात आलेला हेडसेट एडीएचडी असलेल्या मुलाच्या हाती लागणार नाही असं मानणं भाबडेपणाचं. पहिल्या आठवड्यात तो बक्षीस होतो, दुसऱ्या आठवड्यात भांडणाचं कारण. केंद्रानं एक हेडसेट घ्यावा, आयात केलेला असेल तर भारतात वॉरंटी चालते का ते आधी विचारून, आणि कुलपात ठेवावा.

पालक म्हणून एखाद्या केंद्राच्या व्हीआर पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: प्रसंग मराठीत आहेत का, मुलाची प्रतिक्रिया माणूस निवडतो की यंत्र, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही सत्रात बसता येतं का, आणि एकूण सत्रांपैकी किती सत्रं मुलाला समोर बसवून होतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "एकही नाही" असेल, तर दुसरं केंद्र शोधा.